बियाण्याचं वांगं

जळगावच्या उद्यान मंडळात झाडं लावणारा असा सभासद एकही नव्हता. झाडं सभासदांच्या बायका लावत, पाणी घरचे गडी घालत, आणि मंडळाच्या पाटीवर नावं मात्र नवऱ्यांची लागत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. बायका म्हणत, नाव कुणाचं का लागेना, सहलीच्या दिवशी घर तर रिकामं मिळतं.

सहली ऋतूप्रमाणे ठरलेल्या होत्या. चैत्रात गिरणेकाठच्या मळ्यात मोगरा बघायला, भाद्रपदात पाचोऱ्याच्या एका कापूस जिनवाल्याच्या बागेत गुलछडी बघायला, कार्तिकात कुणाच्या तरी शेवंतीचं तोंडभर कौतुक करायला, आणि पौषात धुळ्याच्या फुलाफळांच्या प्रदर्शनाला. यात धुळ्याची सहल मानाची. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन पंचविसेक वर्षं उलटली होती. आपली कचेरी धुळ्याहून वेगळी झाली म्हणजे आपली फुलंही धुळ्यापेक्षा मोठी असली पाहिजेत, अशी जळगावकरांची तेव्हापासूनची समजूत होती. धुळेकरांची समजूत अर्थात उलटी. फुलं बिचारी दोन्हीकडे सारखीच यायची.

मंडळाचा नियम असा, की धुळ्याला हात हलवत जायचं नाही. प्रत्येकाने घरची एक कुंडी प्रदर्शनात मांडायला बरोबर घ्यायची. त्यामुळे मंडळ स्टेशनावर निघालं की वऱ्हाड निघाल्यासारखं दिसे. हमालांच्या डोक्यावर शेवंत्या डोलत, कुणाच्या काखेत गुलाब असे, आणि सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष भिकमचंद शेठ कुंड्या मोजायचं सोडून कुंड्यांशी बोलत चाललेले असत.

भिकमचंद शेठांचं कापडाचं दुकान होतं. आजोबा मारवाडातून आले, नातू जळगावचा झाला, पण चूल मात्र आजोबांचीच राहिली. घर पक्कं जैन. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखाली वाढणारं काही नाही, आणि वांगं तर मुळीच नाही. वांग्यात बिया फार, बी म्हणजे जीव, एका भाजीपायी एवढे जीव कशाला घ्यायचे, असं त्यांच्या आईने त्यांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं. खानदेशात जन्म काढून भरीत न खाणं म्हणजे नदीकाठी राहून अंघोळीला विहीर शोधणं, अशी मंडळात त्यांची थट्टा चाले. सहलीत झाडाखाली तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला लागली की शेठ वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन आपला फुलक्यांचा डबा उघडत. रागावत मात्र नसत. माणूस मनाने पाण्यासारखा होता. फुलांवर त्यांचा जीव, पण तोडलेलं फूल त्यांना बघवत नसे. झाडाने स्वतःहून सोडलं ते आपलं, एवढाच त्यांचा कायदा.

आणि तोताराम. तोताराम जिनिंग कारखान्यात कापसाचा पारखी होता. कापसाची चिमूट बोटांत ओढून धागा किती लांब आहे ते तो सांगे, आणि व्यापारी त्यावर मान डोलावत. मंडळात तो बायकोमुळे आला. मंजुळाबाईची वांगी सगळ्या पेठेत नावाजलेली होती. हिरवी, अंगाने मोठी, भाजली की लोण्यासारखी होणारी, आणि बी अगदी कमी. हे बी तिने लग्नात धरणगावकडच्या माहेराहून पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं. दर वर्षी एक चांगलं फळ ती झाडावरच ठेवी आणि त्याच्या देठाला चिंधी बांधी. चिंधी बांधलेलं वांगं म्हणजे बियाण्याचं वांगं. ते कुणी तोडायचं नाही, पिवळं धमक होऊ द्यायचं, मग त्याचं बी राखेत घोळून ठेवायचं. ही गोष्ट खानदेशात लहान पोरालाही सांगावी लागत नाही. भिकमचंद शेठांना मात्र ती कुणी कधी सांगितली नव्हती, कारण ज्या माणसाच्या घरात वांगंच येत नाही त्याला वांग्याचं बी कसं धरतात ते सांगायचं कशाला?

मंजुळाबाई श्रावणात गेली. ताप आला, उतरला, परत आला, आणि एका दुपारी ती गेली. तेव्हा घरात तोताराम एकटाच तिच्या समोर बसलेला होता. लोक आले, उचलून घेऊन गेले, तेराव्याला जेवले. कुणी विचारलं, शेवटी काही बोलली का? तोतारामने उत्तर दिलं नाही. दुःखाने वाचा बसली असेल, असं म्हणून लोकांनी विषय सोडला.

पण दुःख म्हणावं असं त्याला काही होतच नव्हतं. तो रडला नाही, जेवायचा थांबला नाही, कामावर जायचा थांबला नाही. समोर ताट आलं की जेवायचा, दिवा विझवला की झोपायचा. कुणी काही विचारलं तर म्हणायचा, बरं. दुकानदार म्हणाला, ज्वारी नवी देऊ का, बरं. न्हावी म्हणाला, मिशी बारीक करू का, बरं. जिनिंगमध्ये चिमूट बोटांत धरली तरी धागा कळेना. मग शेजारचा पारखी काय म्हणतो ते ऐकून तो तेच म्हणू लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माणूस आतून रिकामा झाला तरी वरून बराच काळ ठीक चालतो, हे जगाच्या सोयीचंच आहे.

परसातली वांगी मंजुळाबाईने आषाढात लावली होती. त्यांना पाणी घालायचं असतं हे तोतारामला ठाऊक होतं, पण उठायला होत नव्हतं. गडी त्याने विचारलं नाही म्हणून पाणी घालेना, आणि तो गडी घालत नाही म्हणून विचारेना. एकेक करून झाडं वाळली. मोरीजवळच्या कुंडीतलं एक तेवढं सांडपाण्यावर तगलं.

दिवाळीत मुलगी आली, प्रमिला. ती धुळ्याला दिलेली. नवरा तिथल्या कचेरीत कारकून. त्या वर्षी घरात सण नव्हताच, ती बापाला बघायला आली होती. परसात जाऊन ती बराच वेळ उभी राहिली. मग त्या एका झाडावर एक फळ धरलेलं तिला दिसलं. तिने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून देठाला चिंधी बांधली आणि बापाला म्हणाली, की मामाच्या शेतात आता नुसती कपाशी आहे, हे बी दुसरीकडे कुठे नाही. पौषात तुमचं मंडळ धुळ्याला येतं, तेव्हा ही कुंडी घेऊन या. मी प्रदर्शनात येऊन नेईन. आईचं मला दुसरं काही नको.

तोताराम म्हणाला, बरं.

मग तिनेही तेच विचारलं, जे सगळ्यांनी विचारलं होतं. शेवटी आई काय बोलली? तिला निरोप गेला तेव्हा ती धुळ्याहून निघाली आणि पोचली तोवर सगळं झालं होतं. तोताराम भिंतीकडे बघत राहिला. तुम्ही रडलासुद्धा नाहीत, असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि जाईपर्यंत त्याच्याशी जेवणापुरतंच बोलली. एक काम मात्र ती करून गेली. शेजारच्या बाईला कुंडीला रोज तांब्याभर पाणी घालायला सांगून गेली.

पौष आला. कुंडीतलं फळ पिवळं व्हायला लागलं होतं. मंडळाचे चिटणीस कौतिक मास्तर कुंडी न्यायला गडी घेऊन आले, तेव्हा झाडाकडे बघून त्यांचं तोंड उतरलं. पानं किडीने खाल्लेली, शेंडा झुकलेला. पण मंजुळाबाईचं झाड म्हणून त्यांनी काही म्हटलं नाही आणि कुंडी उचलायला लावली. तोताराम मागोमाग चालत स्टेशनावर गेला.

गाडीत मंडळी खुशीत होती. पाचोरा गेलं, कजगाव गेलं, धुळ्याच्या डेलियांना यंदा कशी धूळ चारायची यावर बोलणं चाललं होतं. मास्तरांनी तोच विनोद दोनदा केला आणि दोन्ही वेळा सगळे हसले. तोतारामही हसला, कारण बाकीचे हसत होते. चाळीसगावला गाडी बदलायची. धुळ्याची छोटी गाडी पलीकडे उभीच होती आणि तिचं इंजिन पाणी घेत होतं. कुंड्या एका डब्यात चढवून मंडळी चहाला पांगली. राखणीला शेठ थांबले, कारण ते बाहेरचा चहा घेत नसत, आणि तोताराम थांबला, कारण त्याला कुणी चल म्हटलं नव्हतं.

शेठांना रिकामं बसवत नसे. त्यांनी पिशवीतून छोटी कात्री काढली आणि कुंड्यांचा साजशृंगार सुरू केला. कुठे पिकलं पान काढ, कुठे कुंडीवरची माती फडक्याने पूस, कुठे वाळकी काडी छाट. हिरव्याला ते कात्री लावत नसत. पिवळं तेवढंच काढत. असं करत करत ते तोतारामच्या कुंडीपाशी आले आणि उकिडवे बसले. मंजुळाबाईचं झाड असं काय झालं म्हणून ते हळहळले. किडकी पानं त्यांनी एकेक करून खुडली. मग त्यांना ते वांगं दिसलं. पिवळं, निबर, देठाला चिंधी. नजर लागू नये म्हणून कुणी चिंधी बांधली असावी असं त्यांनी धरलं. फळ सडल्यावर चिंधी बिचारी काय करणार.

"तोतारामजी, हे फळ पिवळं पडून गेलंय. परीक्षकांपुढे बरं नाही दिसायचं. काढून टाकू ना?"

"बरं," तोताराम म्हणाला.

देठ चिवट होता. कात्री दोनदा निसटली, तिसऱ्यांदा कापला गेला. शेठांनी फळ पलीकडच्या बाजूला, फलाट नव्हता तिकडच्या खिडकीतून अलगद खाली सोडलं. ते खडीवर पडलं, थोडं घरंगळलं आणि दोन रुळांच्या मध्ये थांबलं. शेठ पुढच्या कुंडीकडे वळले.

तोताराम खिडकीपाशीच बसला होता. ते वांगं त्याला स्वच्छ दिसत होतं. सकाळच्या उन्हात ते चांगलं पिवळं दिसत होतं. ते काय आहे हे त्याला माहीत होतं. धुळ्यात प्रमिला कुंडीची वाट बघत असेल, हेही माहीत होतं. आपण 'बरं' म्हणालो तेही त्याने ऐकलं होतं. सगळं माहीत होतं, पण दुसऱ्याचं सामान शेजारी ठेवलेलं असावं तसं ते माहीत असणं त्याच्या शेजारी पडून होतं. खाली उतरायचं, चार पावलं जायचं, वाकायचं आणि उचलायचं. एवढंच काम. इंजिन अजून पाणी घेत होतं. आता उठू, असं त्याच्या मनात आलं. मग परत आलं. मंडळी चहा पिऊन आली, मास्तरांनी जागा मागितली तेव्हा तो सरकला, शिट्टी झाली, आणि गाडी हलली. वांगं मागे गेलं आणि मग दिसेनासं झालं.

जामदा, शिरूड ही स्टेशनं गेली, पुढे पांझरेकाठचं धुळं. दिवस चांगला वर आला होता.

प्रदर्शन एका सरकारी बंगल्यामागच्या मैदानात मांडलं होतं. कनाती, मधून फळ्यांची मांडणी, तिच्यावर डेलिया, शेवंती, गुलाब. एका अंगाला भाजीपाला, पपया, ऊस. धुळेकरांच्या डेलिया खरोखरच मोठ्या होत्या. त्यामुळे जळगावकरांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि शेवंतीवर भर दिला. मंडळाच्या कुंड्या मांडून झाल्या. तोतारामची कुंडी 'कुंडीतील फळभाजी' या पाटीखाली गेली. परीक्षक म्हणून आलेले शेतकी खात्यातले एक निवृत्त साहेब तिथे थांबले, चष्मा वर करून त्यांनी झाड पाहिलं, विचारलं, "फळभाजी ना ही? मग फळ कुठंय?" आणि उत्तराची वाट न बघता टमाट्यांकडे गेले. मास्तर वरमले. तोताराम फळ्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसला.

प्रमिला आली ती हातात वेताची टोपली घेऊन. तळाशी ओलं गोणपाट अंथरलेलं होतं. तिने बापाच्या पाया पडून इकडेतिकडे पाहिलं, कुंडी शोधली, आणि तिच्याजवळ गेली. झाडाची पानं तिने वर केली. मग खाली केली. परत वर केली. चिंधी देठाच्या थोटकाला तशीच होती.

"आबा, वांगं कथा शे?"

वांगं कुठे गेलं ते तोतारामने सांगण्याआधीच शेठ पुढे आले. त्यांना अजून कळलं नव्हतं, पण काही तरी बिघडलंय एवढं दिसत होतं. कुठलं वांगं, ते पिवळं पडलेलं? ते सडलं होतं म्हणून काढलं, असं ते म्हणाले. प्रमिलाने त्यांना हळू आवाजात सांगितलं की ते सडलं नव्हतं. चिंधी कशासाठी बांधतात तेही सांगितलं. आई माहेराहून कसं बी घेऊन आली आणि आता दुसरं का नाही, तेही सांगितलं. ती ओरडली नाही. शाळेतल्या मुलाला समजावून सांगावं तसं तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता शेठांच्या डोक्यावरची पगडी हातात आली. शेजारी उभे असलेले मास्तर जमिनीकडे बघू लागले, कारण चिंधीचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता आणि गाडीत परत चढल्यावर त्यांनी कुंडीकडे पाहिलंच नव्हतं.

"बेटा, ते माझ्या हाताने झालं," शेठ म्हणाले. "आमच्या घरात तीन पिढ्या वांगं आणलं नाही. का, तर एक बी मरू नये. आणि जन्मात पहिलं वांगं हातात धरलं, ते हे. चूक माझी एकट्याची. तुझ्या वडिलांचा यात काही दोष नाही."

एवढं बोलून त्यांनी एकदा तोतारामकडे पाहिलं. आपण विचारलं होतं, आणि हा बरं म्हणाला होता, हे त्यांना आठवत होतं. तोतारामला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण शेठांनी ते बोलून दाखवलं नाही, आणि मेले तरी दाखवणार नव्हते. चाळीसगावच्या स्टेशनमास्तरांना तार करतो, रुळांत पडलंय, कुणी तरी उचलून ठेवील, असं म्हणत ते तारघराकडे निघाले. उन्हात पगडी हातातच धरून एवढा मोठा व्यापारी एका वांग्यासाठी पळताना पाहून दोन-चार धुळेकर हसले. तारेचं उत्तर संध्याकाळी आलं, रुळांत काही सापडलं नाही असं; पण ते नंतरचं.

प्रमिला बापाशेजारी बाकावर येऊन बसली. टोपली तिने पायाशी ठेवली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि बापाचा हात हातात घेतला. दिवाळीपासून ती त्याच्यावर रागावलेली होती. पण ही चूक परक्या माणसाची होती, भाबड्या माणसाची होती, आणि बाप बिचारा एवढी कुंडी सांभाळत घेऊन आला होता. तिला त्याची दया आली.

"जाऊ द्या आबा," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार. तुमना काय दोष."

तोतारामला तिचा हात लागला. श्रावणापासून त्याला असं कुणी धरलं नव्हतं. हात ऊन होता, टोपलीच्या वेताने तळव्याला वळ उठले होते. काही न बोलता बसून राहिलं असतं तर हा हात तसाच राहिला असता. शेठ काही बोलणार नव्हते. मुलगी घरी घेऊन गेली असती, जेवायला वाढलं असतं, आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून दिलं असतं. हे सगळं त्याला दिसत होतं. पण 'तुमना काय दोष' हे शब्द त्याच्या कानात शिरले आणि बाहेर पडेनात.

"शेठनी माले इचारं व्हतं," तो म्हणाला. "काढू का म्हने. मी बरं म्हनं."

प्रमिलाला आधी कळलंच नाही. तिने परत विचारलं, तेव्हा त्याने तेच परत सांगितलं. गाडी उभी होती हेही सांगितलं. वांगं खिडकीखाली पडलेलं दिसत होतं, उतरून उचलता आलं असतं, आणि आपण उचललं नाही, हेही सांगितलं. त्याचा आवाज सपाट होता. जिनिंगमध्ये दुसऱ्याचा अंदाज आपला म्हणून सांगताना लागायचा तसाच.

"का बरं, आबा?"

"माले नही माहीत."

तिने हात काढून घेतला. पलीकडे कुणाला तरी बक्षीस जाहीर झालं आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर तोताराम बोलला.

"तुनी मायनी पानी मांगं. तव्हयबी मी बरंच म्हनं."

प्रमिला त्याच्याकडे वळली.

"तांब्या जोडेच व्हता," तो म्हणाला. "हात लांब करा तरी हाती येता. मी म्हनं, बरं. आन बठेलच राह्यनू. जागरन करी करी आंग गळी जायेल व्हतं. माले वाटनं, आते उठस, आते उठस. डोळा लागना नही. मी देखतच व्हतू तिले. मंग उठनू, तव्हय..."

तो थांबला. प्रमिलाने त्याला थांबू दिलं नाही. तिचा आवाज स्थिर होता.

"तव्हय काय, आबा?"

एका कुशीवर फार वेळ झोपल्यावर हात मेल्यासारखा होतो. तो आपला असतो, पण आपला वाटत नाही. मग त्यात रक्त परत यायला लागतं, आधी मुंग्या येतात, आणि मग अशी कळ येते की हात मेलेलाच बरा होता असं वाटतं. तोतारामला तसं झालं. मंजुळाबाईने मागितलेलं पाणी, तिचे सुकलेले ओठ, तांब्याकडे वळलेली मान, आणि समोर बसलेला आपण, हे सगळं श्रावणापासून त्याच्यापाशी पडून होतं, ते आता त्याला दुखू लागलं. फार दुखू लागलं. आपल्या हातून काय झालं ते त्याला कळलं, आणि ते कधीच फिटणार नाही हेही कळलं.

"तुनी माय गयी, पोरी," तो म्हणाला.

"हाव, आबा," प्रमिला म्हणाली. "श्रावनमाच गयी."

ती त्याच्याजवळ सरकली नाही आणि उठूनही गेली नाही. बाकाच्या आपल्या टोकाला ती बसून राहिली. तोताराम मोठ्याने रडू लागला, तेव्हा डेलिया बघणारी माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.